पिंपरीचे पेनिसिलिन

सरकारने कारखाने काढावेत की नाही, हा वाद आपल्याकडे पुष्कळ चालतो. कारखान्यातून मालाखेरीज आणखी काय बाहेर पडते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर पिंपरीच्या इतिहासात सापडते.

१९५० साली पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन बुरशीपासून होते. ती बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवावी लागते. हवा, उष्णता, स्वच्छता यांत जरा चूक झाली की सारी टाकी वाया. ही विद्या नुसत्या पुस्तकाने येत नाही, टाकीपाशी उभे राहूनच येते. ती आली, आणि पुढे याच कारखान्यात थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे नवे औषध शोधून काढले. १९६१ साली आयडीपीएल ही दुसरी सरकारी कंपनी निघाली. तिच्या हृषीकेश व हैदराबाद येथील कारखान्यांना सोव्हिएत साहाय्य मिळाले.

परंतु एवढ्याने भागले नसते. जुन्या पेटंट कायद्यामुळे कित्येक औषधांची मालकी परदेशी कंपन्यांकडे होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला आणि १९७० साली नवा कायदा झाला. तो १९७२ पासून अमलात आला. आता पेटंट औषधावर नव्हे, ते करण्याच्या कृतीवर मिळू लागले. तेच औषध निराळ्या कृतीने करण्याची वाट मोकळी झाली.

प्रयोगशाळा, कारखाना आणि कायदा यांना जोडणारा धागा माणसांचा होता. अंजी रेड्डी पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. झाले, आयडीपीएलमध्ये नोकरीस राहिले आणि १९८४ साली त्यांनी हैदराबादेस स्वतःची कंपनी काढली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. त्यापूर्वी त्यांना दहा हजारांवर डॉलर पडत.

पुढे पिंपरीचा कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला, आणि २००५ पासून औषधावरचे पेटंटही परत आले. खाजगी कंपन्या वाढल्या याचे मला वाईट वाटत नाही. मात्र सरकारी कारखान्याचा तोटा मोजताना तेथे तयार झालेली माणसे कोणत्या रकान्यात धरली, एवढे आपण नागरिकांनी विचारलेच पाहिजे. ताळेबंदात तो रकानाच नसतो.