ई-मेलच्या आधीची ‘खबर’

ई-मेलवरून माल विकणं नवं वाटतं, पण गिऱ्हाइकाला घरबसल्या खबर धाडायची रीत आपल्याकडे शंभर वर्षांची आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली आला. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपता खपेनात. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. होतं कारखान्याचंच पत्रक, पण त्यात नुसतं ‘घ्या, घ्या’ नव्हतं. वाचावंसं काही असे. त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये त्याच मंडळींनी बायकांसाठी ‘स्त्री’ काढलं!

उलट १९७८ मध्ये अमेरिकेत गॅरी थर्क यांनी संगणक विकायला सुमारे ४०० जणांना न विचारता एकच ई-मेल धाडला. माल खपला म्हणतात, पण लोक चिडले.

आम्ही मुळशीच्या बाया सध्या हे शिकतोय. आंबेमोहोर थेट पुण्याच्या घरात गेला, तर व्यापारी म्हणेल त्या भावाला मान डोलवावी लागणार नाही. गिऱ्हाइकांच्या वहीत रकाना वाढवलाय: ‘पत्र पाठवू का?’ हो म्हणतील त्यांनाच जाईल. पहिल्या पत्रात भातलावणीची हकीकत. तांदळाचा दर शेवटच्या ओळीत.