विद्यापीठाची दोरी कोणाच्या हाती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या पदवी प्रमाणपत्रावर कुलगुरूंची सही आहे. ज्या सरकारच्या तिजोरीतून माझ्या प्राध्यापकांचे पगार झाले, त्याचे मात्र तिथे नावही नाही. या न दिसणाऱ्या हाताची ओळख मला झाली ती पुढे, स्वतः शिकवू लागल्यावर. १९९६ साली आमच्या महाविद्यालयाला विज्ञानाची एक जादा तुकडी हवी होती. विद्यापीठाने शिफारस केली, पण परवानगी सरकारची. ती आली तेव्हा सहामाही परीक्षा उरकली होती आणि मुले केव्हाच दुसऱ्या गावी गेली होती.

हे दोन घरचे पाहुणेपण तसे जुनेच. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हेच त्याचे पहिले कुलपती झाले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे. ते परीक्षा घेई आणि महाविद्यालयांना संलग्नता देई. पुढे १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या कायद्याने दोरी आणखी आवळली. सिनेटचे सभासद जास्तीत जास्त शंभर आणि त्यांतले बहुतेक नेमलेले. संलग्नतेचा शेवटचा शब्दही सरकारचा. वर्षानुवर्षे फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले या विधेयकाविरुद्ध केंद्रीय कायदेमंडळात उभे राहिले. विद्यापीठे सरकारचे एक खाते होऊन बसतील, असा त्यांचा आक्षेप होता. विधेयक अर्थातच मंजूर झाले.

१९२१ पासून शिक्षण प्रांतिक मंत्र्यांकडे आले. राज्यघटनेनेही ते राज्यांकडेच ठेवले, फक्त दर्जा आणि समन्वय केंद्राकडे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. दरम्यान आपल्याकडे १९४९ मध्ये पुणे, १९५८ मध्ये मराठवाडा, १९६२ मध्ये शिवाजी अशी विद्यापीठे निघाली, प्रत्येकाचा कायदा निराळा. १९९४ साली राज्यातल्या अकृषी विद्यापीठांना एकच कायदा लागू झाला. नवे महाविद्यालय कुठे निघावे, हे विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात बसले पाहिजे, असे ठरले. कल्पना चांगली होती. एकाच तालुक्यात चार आणि शेजारी एकही नाही, हे टळावे एवढाच तिचा हेतू.

सरकारी हाताला नावे ठेवताना माझी जीभ मात्र अडखळते. माझ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी एका रकमेवर सही करून दुसरीच रक्कम खिशात घातलेली मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. पगार सरकारी अनुदानातून थेट बँकेत येऊ लागला तेव्हा ते थांबले. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तिथे पगाराचे काय होते, हे तिथल्या मास्तरांनाच विचारावे!

आता कुलपतींच्या खुर्चीची गंमत पाहा. इंग्रज गेले, गव्हर्नरचे राज्यपाल झाले, खुर्ची तीच राहिली. राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. कुलपती म्हणून मात्र त्यांनी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात २०२३ साली पुन्हा सांगितले. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या विधिमंडळाने मंत्र्यांना प्र-कुलपती करणारे विधेयक मंजूर केले होते. शोध समितीच्या नावांतून सरकार दोन निवडणार आणि राज्यपालांनी त्यांतल्या एकाला कुलगुरू नेमायचे, अशी त्यात सोय होती. सत्ता बदलली आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने ते मागे घेतले. दोन्ही बाजूंनी स्वायत्ततेचाच हवाला दिला. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणाच्या नियोजनासाठी जो राज्य आयोग आणला, त्याचे अध्यक्षही मुख्यमंत्रीच. गोखल्यांना यात ओळखीचे बरेच सापडले असते.

आमची ती तुकडी दुसऱ्या वर्षी सुरू झाली. पहिल्या दिवशी हजेरीपटावर अकरा नावे होती.