जात्यावरचा गळा कोण जपणार?

मंडळी, आज आपण राजे-लढायांकडे न जाता पहाटेच्या जात्याकडे जाणार आहोत. अंबड-घनसावंगीपासून भोकरदनपर्यंत ज्या बायकांनी लहानपणी जात्यावर दाणे वैरले, त्या आज आजी-पणजी झाल्यात. गावात गिरणी आली, खुंट्यावरचा हात सुटला, आणि त्याबरोबर ओवीही सुटली. मग ओवी जमवायची म्हणजे नेमकं काय जमवायचं?

इंग्लंडात १९०३ साली सेसिल शार्प यांनी हॅम्ब्रिज गावात जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला गाताना ऐकलं आणि ते गाणं लगेच टिपून घेतलं. पुढे त्यांनी हजारो चाली जमवल्या. आपल्याकडे साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या छापल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे एकामागून एक पुस्तकं काढली. हे ऋण मोठंच आहे. पण नुसत्या शब्दांत ‘गळा’ येत नाही. जात्यावरच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून हे काम फार पुढे नेलं. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या! बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यातल्या कितीतरी आवाजासकट राहिल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या गाणारणीच्या नाव-गावासह ऐकायला मिळतात.

आम्हाला यातलं एक उदाहरण फार मोलाचं वाटतं. गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातलं माजलगाव. तिथल्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. रामाच्या, विठ्ठलाच्या ओव्या आपल्याला ठाऊक असतात. या ओव्या मात्र त्या वस्तीत जाऊन बसल्यावरच मिळाल्या. म्हणजे जमवणारा कुणाच्या उंबऱ्यापर्यंत जातो, यावर इतिहासात कोण येणार हे ठरतं. जो उंबरा आपण टाळला, तिथलं गाणं नव्हतंच असं पुढची पिढी धरून चालेल.

तेव्हा आमची विनंती एवढीच. घरी गेल्यावर आजीपाशी बसा. जातं असेल तर तिच्यासमोर मांडा, कारण पाळी फिरू लागली की ओवी आठवते. तिला विचारून मोबाईलवर आवाज घ्या. वहीत तिचं नाव, सासर, माहेर लिहा. ओवीत भाऊ, लेक, सासू सगळे असतात; गाणारीचं नाव तेवढं आपणच लिहायचं राहून जातं.