देणाऱ्या घरातली मागणारी मुलगी

दशलक्षण पर्वातला उत्तम त्यागाचा दिवस. सकाळी मंदिरात चार दानांवर प्रवचन झालं होतं. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. घरी सगळे खुशीत होते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, आणि मग माझ्या पुतणीनं आपल्या वडिलांसमोर लॅपटॉप उघडून ठेवला. परदेशी जाऊन एम.एस. करायचं, त्यासाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, असं तिच्या मनात होतं. भोपाळच्या जमिनीखालचं पाणी हा तिचा विषय. 1984 च्या त्या रात्रीनंतर या शहरात पाण्याचा विषय निघाला की कुणी तो हसण्यावारी नेत नाही. तीन-चार वर्षं ती त्यातच काम करते आहे.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. जाऊ नकोस, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "आपलं घर देणारं आहे. धर्मशाळेच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. आणि तू लोकांपुढे हात पसरणार? तुझ्या लग्नासाठी बाजूला ठेवलेत, त्यातले घे. पण मागू नकोस."

पुतणी म्हणाली, "बाबा, तुमच्या पैशांनी गेले तर तुम्ही पाठवलं म्हणून गेले. ही मिळाली तर मला निवडलं म्हणून जाईन."

मग माझ्याकडे वळून तिच्या भोपाळी मराठीत म्हणाली, "काकू, तुम्ही तो इतिहासवाल्या आहात. सांगा ना यांना कुछ."

बी.ए.ला माझा इतिहास होता, एवढंच. पण त्या रात्री झोप लागली नाही. कपाटातली जुनी पुस्तकं काढली, आणि पुढचे आठ-दहा दिवस एकच शोधत राहिले. आपल्याकडच्या बायका परदेशी शिकायला गेल्या त्या कुणाच्या पैशांवर? आणि त्यांनी मागितलं कसं?

आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. 1883 साली त्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि 1887 मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा गेल्या. पण एक गोष्ट आपण विसरतो. फिलाडेल्फियाच्या कॉलेजाला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं होतं. आपल्या देशातल्या बायकांना बाईच्या हातून औषधोपचार मिळावा म्हणून मला शिकायचं आहे, अशा अर्थाचं. आज पुतणी ज्याला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणते, ते याहून वेगळं काय असतं? मी कोण, मला काय शिकायचंय, आणि शिकून कुणाच्या उपयोगी पडणार.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव मात्र आपल्या बायकांत फारसं निघत नाही. जन्म 1866 चा, नाशिकचा. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती पहिली विद्यार्थिनी. पदवी परीक्षेत ती सगळ्या मुलांच्या वर आली. असा नंबर काढणाऱ्याला इंग्लंडमध्ये शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिला मिळाली नाही. कारण एवढंच, की ती मुलगी होती. मग तिनं काय करावं? अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, जिथे सगळे मुलगेच शिकत, तिथे ती इंग्रजी शिकवायला लागली आणि मागणं सोडलं नाही. शेवटी इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यात लेडी हॉबहाउस होत्या, फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. 1892 मध्ये कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. तिथे ही परीक्षा देणारी ती पहिली बाई. पदवी हातात पडली 1922 मध्ये, कारण बायकांना पदवी द्यायची नाही असाच 1920 पर्यंत ऑक्सफर्डचा नियम होता. तीस वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात मुलीची मुलगी शाळेत जाऊ लागते.

या कॉर्नेलियाच्या घरी खायची ददात नव्हती. ती भीक मागत नव्हती. पहिल्या नंबराला जे मिळतं ते मला द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. मागणं आणि भीक यांत केवढा फरक आहे, हे मला तिच्यापाशी पहिल्यांदा नीट दिसलं.

पुढची तर आपल्या माळव्यातली. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. 1911 साली इंदूरला जन्मलेल्या, दुर्गा भागवतांची बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रात शिकलेले, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि 1933 मध्ये त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार कळवला. मुलींना घेत नाही, म्हणाले. आपण काय केलं असतं? नशीब म्हणून पोळ्या लाटायला लागलो असतो. कमलाबाई बंगलोरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्यात काय कमी आहे ते सांगा, म्हणून अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढे, अशा अटी. कमलाबाईंनी त्या कबूल केल्या. अपमान गिळला, पण जागा सोडली नाही. त्यांचं काम पाहिल्यावर संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं.

मग मुंबई विद्यापीठाची सर मंगळदास नथुभाईंच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिजला गेल्या. तिथे वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचं द्रव्य असतं, हे त्यांनी दाखवलं. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध सगळा मिळून चाळीस पानांचा. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, म्हणजे ताडामाडाच्या ताज्या रसावर काम केलं. आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या पोषणासाठी तो रस कसा उपयोगी पडेल, हे पाहिलं. हे मंगळदास शेट म्हणजे मुंबईचे एक व्यापारी. त्यांच्या घरात लक्ष्मी होती, कमलाबाईंकडे बुद्धी होती. दोघांची गाठ पडली ती एका अर्जामुळे. तो अर्जच केला नसता तर शेटजींचं दान कुठे पोचलं असतं?

हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, शिष्यवृत्ती गरिबांसाठी असते. आपण ती घेतली तर एखाद्या गरिबाची हिसकावली."

हा प्रश्न खरा आहे. मलाही तो टोचला. ज्या शिष्यवृत्त्या घरची गरिबी पाहून दिल्या जातात, त्यांना आपण हात लावू नये, हे माझंही म्हणणं. पण सगळ्या तशा नसतात. काही गुणावर असतात, काही कामावर. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी उभारला, तो कर्जाऊ होता. शिकून आलात की फेडा, म्हणजे पुढच्याला मिळेल. त्याच्या पहिल्या दोन मानकऱ्यांत एक बाई होत्या, डॉक्टर फ्रेनी कामा. बाबासाहेब आंबेडकरांना 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले. त्याबरोबर करारही झाला, की परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. परत आल्यावर त्याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, ही आपल्या समाजाची लाज. पण देणं-घेणं कागदावर, दोन्ही बाजूंनी, बरोबरीनं झालं होतं. आज पुतणीच्या शिष्यवृत्तीलाही अशीच अट आहे. शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी राहायचं. भाऊजींना हे माहीत नव्हतं. "म्हणजे परत यावंच लागतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा मला कळलं, हात पसरण्याची लाज ही वरवरची होती. आतली भीती वेगळीच होती.

सासूबाईंची भीती तर उघड होती. "तिथे खाणार काय? कांदा-लसूण सोडा, सूर्य मावळायच्या आत जेवायला कोण देणार?" त्यांना मी गांधीजींची गोष्ट सांगितली. 1888 मध्ये विलायतेला निघताना त्यांच्या आईलाही हीच काळजी होती. तेव्हा बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंनी मोहनदासकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली, आणि मग आईनं जाऊ दिलं. आणखी एक. जाण्याआधी गांधीजी पोरबंदरला जाऊन संस्थानाच्या इंग्रज कारभाऱ्याला, लेलीसाहेबांना भेटले होते, मदत मागायला. साहेबांनी जिन्यातूनच परत पाठवलं, आधी बी.ए. हो म्हणून. दिवाणाच्या घरातला वाण्याचा मुलगा, त्यानंही मागितलंच की! आणि नकार मिळाला म्हणून त्याची काही पत गेली नाही.

आपल्या समाजातलंच सांगते. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगं उभी केली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेला एक मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. घेतलेलं त्यांनी किती पटींनी परत केलं, ते महाराष्ट्रातल्या गावागावांत दिसतं. माणिकचंद शेटजींच्या लेकीनं, मगनबाईंनी, मुंबईत श्राविकाश्रम चालवला, विधवांना अन् परित्यक्तांना शिकवलं. त्या आश्रमात येणारी बाई दारात उभी राहून 'मला शिकायचंय' असं म्हणाली असेल, तेव्हा तिला कुणी भिकारीण म्हटलं असेल का?

तत्त्वार्थसूत्रात दानाचं मोल चार गोष्टींवर ठरतं असं सांगितलंय. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. आपण पाटीवर दात्याचं नाव कोरतो. पात्राचं नाव कुठेच नसतं. पण पात्र नसेल तर दान पुरं होत नाही. शास्त्रदान घ्यायला कुणीतरी पुढे यावं लागतं, आणि शिकायला घरातून निघालेल्या मुलीच्या हाती स्वतःच्या नावाचे पैसे असणं, हे तर मला अभयदानच वाटतं. लग्नाच्या पैशांतून गेली असती, तर पहिल्या नापास पेपराला तिला घरच्यांचं तोंड आठवलं असतं.

या भोपाळवर 1819 ते 1926 अशी शंभरावर वर्षं बेगमांनी राज्य केलं. शेवटच्या सुलतान जहाँ बेगम 1920 मध्ये अलीगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. मुलींच्या शिक्षणाला त्यांनी हात सैल सोडून दिलं. तलावाकाठी त्यांचे महाल पाहत आपण फिरतो. आणि त्याच शहरात 'मुलीनं मागू नये' म्हणतो! बाहेरचं जगही फार पुढे होतं असं नाही बरं का. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती 1902 च्या मृत्युपत्रातून निघाली, भारतासाठी 1947 पासून सुरू झाली, पण मुलींना ती मिळू लागली 1977 पासून. मी तेव्हा शाळेत होते.

आता माझं सांगते, कारण न सांगता हा लेख संपवणं बरं नव्हे. सांगलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी एक माहितीपत्रक माझ्या हातात दिलं होतं. परदेशी शिष्यवृत्तीचं. "एम.ए. करा आणि अर्ज करा, मी पत्र देतो," म्हणाले. मी ते घडी घालून पुस्तकात ठेवलं. घरी बोललेच नाही. मला कुणी अडवलं असं मी अनेक वर्षं मनाशी म्हणत आले. या आठ-दहा दिवसांत कळलं, मला कुणीही अडवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. कॉर्नेलियाला नकार मिळाला तो इतिहासात नोंदला गेला. कमलाबाईंना मिळालेल्या नकारानं पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. माझ्या नकाराची नोंद कुठेच नाही, कारण तो मला कुणी दिलाच नाही.

संसारात मी सुखी आहे. रडगाणं गायचं नाही. पण ते पत्रक अजून आठवतं.

पुतणीचा अर्ज गेला. शिफारशीची तीन पत्रं, इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रिका, आणि चार वेळा खोडून लिहिलेलं ते निवेदन. पहिल्या मसुद्यात 'मला लहानपणापासून आवड' वगैरे होतं. मी म्हटलं, "हे राहू दे. हातपंपाचं पाणी भरून आणतेस, तपासतेस, ते लिही." तेच लिहिलं. शेवटचं बटण दाबताना भाऊजी मागे येऊन उभे राहिले होते. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरातून येताना मात्र विचारत होते, "निकाल कधी असतो म्हणाली?"

मिळेल की नाही, कोण जाणे. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा करेल म्हणते. तुमच्या घरातही एखादी मुलगी पुस्तकात घडी घालून काही ठेवत असेल. दिवाळीच्या साफसफाईत सापडलं तर रद्दीत टाकू नका. तिला विचारा.