'रेडिओ सायलेन्स' : एका रशियन गायकाचा पहिला इंग्रजी आल्बम

 आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. गाण्यांच्या नादी कधीपासून लागलात?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, या एका आल्बमविषयी मी पूर्वी वर्गात एक विधान केलं होतं आणि ते चुकीचं होतं. ते आज दुरुस्त करायचं आहे.

आल्बमचं नाव 'रेडिओ सायलेन्स', साल 1989, गायक बोरिस ग्रेबेन्शिकोव्ह. जन्म 1953चा, लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा. विद्यापीठात शिकला उपयोजित गणित. 1972 साली एका मित्राबरोबर त्याने 'आक्वारियम' नावाचा बँड काढला. बीटल्स आणि बॉब डिलन ऐकत वाढलेली ही पिढी. इंग्रजी त्याला उत्तम येत होतं. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1980च्या मार्चमध्ये त्बिलिसीला, जॉर्जियात, एक रॉक महोत्सव झाला. सरकारच्या परवानगीनेच झाला. आक्वारियम मंचावर आलं, ग्रेबेन्शिकोव्ह गिटार घेऊन जमिनीवर आडवा झाला, आणि परीक्षक उठून निघून गेले. घरी परतल्यावर नोकरी गेली, कोमसोमोल या युवक संघटनेतून हकालपट्टी झाली. मग रात्रीचा पहारेकरी वगैरे कामं. त्याच्या पिढीतल्या पुष्कळ कलावंतांचं असंच होतं. झाडूवाला, पहारेकरी, बॉयलरवर कोळसा टाकणारा, अशा नोकऱ्या ही मंडळी मुद्दाम धरत. पगार कमी, पण डोकं मोकळं राहतं. शिवाय नोकरीच नसणं हा तिथे गुन्हा होता, तोही प्रश्न सुटतो.

आता गाणी लोकांपर्यंत जायची कशी? सोव्हिएत देशात रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, सरकारी 'मेलोदिया'. तिचं दार बंद. पण लेनिनग्राडमध्ये आंद्रेई त्रोपिलो नावाचा एक गृहस्थ पायोनियर भवनात शाळकरी मुलांना ध्वनिमुद्रण शिकवत असे. मुलांचा वर्ग आणि त्यासाठीची यंत्रं, या आडोशाने त्याने आक्वारियमचे आल्बम मुद्रित केले. 1981चा 'निळा आल्बम' त्यातलाच. पुढचं काम श्रोत्यांचं. एका टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी.

इथे थोडं थांबू. आजच्या मुलांना सांगावं लागतं की त्या काळी चाळीस मिनिटांची टेप उतरवून घ्यायला बहुधा चाळीस मिनिटंच लागत. दोन यंत्रं शेजारी ठेवायची आणि बसून राहायचं. म्हणजे प्रत्येक श्रोता हा प्रकाशकसुद्धा होता. वेळ त्याचा, टेप त्याची, थोडीफार जोखीमही त्याचीच. अशी हाताने उतरवलेली गोष्ट माणूस वेगळ्या कानाने ऐकतो. शब्द अर्धे सांगितलेले असले तरी उरलेले अर्धे तो स्वतः भरतो.

1986 साली जोआना स्टिंगरे या अमेरिकन तरुणीने लेनिनग्राडच्या चार बँडांची मुद्रणं चोरून देशाबाहेर नेली. अमेरिकेत 'रेड वेव्ह' नावाचा दुहेरी आल्बम निघाला, प्रत्येक बँडला एकेक बाजू. आक्वारियम त्यात होतं. वारं बदललं होतं, गोर्बाचोव्ह आले होते. 1987 साली खुद्द मेलोदियाने आक्वारियमची रेकॉर्ड काढली. आणि मग सीबीएस या बड्या अमेरिकन कंपनीने ग्रेबेन्शिकोव्हशी करार केला. निर्माता कोण, तर 'युरिद्मिक्स'चा डेव्ह स्ट्यूअर्ट. सोबतीला ॲनी लेनॉक्स आणि क्रिसी हाइंड यांचे आवाज. मायकेल ॲप्टेडसारख्या दिग्दर्शकाने या सगळ्या प्रवासावर 'द लाँग वे होम' हा माहितीपट केला. नऊ वर्षांपूर्वी ज्याची नोकरी गेली होती, त्याच्यासाठी हे सगळं. आल्बमवर नाव मात्र आक्वारियमचं नव्हतं, त्याच्या एकट्याचं होतं.

आणि काय झालं? बिलबोर्डच्या दोनशेंच्या यादीत आल्बम 198व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. दुसरा इंग्रजी आल्बम मुद्रित झाला, पण कंपनीने तो काढलाच नाही. 'रेडिओ लंडन' या नावाने तो 1996 साली रशियात निघाला.

आता माझी चूक. 1990च्या सुमारास आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा मॉस्कोत शिकत होता. सोव्हिएत पुस्तकं आपल्याकडे मराठीतसुद्धा स्वस्तात मिळत, पण ही गाणी त्या पुस्तकांच्या प्रदर्शनात कुठे असणार? तो मुलगा सुट्टीत दोन कॅसेटी घेऊन आला. एक रशियन, एक ही इंग्रजी. रशियन कॅसेटमधलं मला अक्षर कळलं नाही, आणि ती मी पुन्हा पुन्हा ऐकली. इंग्रजीतलं जवळजवळ सगळं कळलं, आणि दोनदा ऐकून ठेवून दिली. मग वर्गात मी ऐटीत सांगितलं : "बघा, बंधनात होता तेव्हा मोठा होता. स्वातंत्र्य मिळालं आणि सामान्य झाला. कलेला बंधन लागतं." मुलांनी वहीत लिहूनही घेतलं.

हे विधान चूक आहे, आणि नुसतं चूक नाही, घातक आहे. ते खरं मानलं तर सेन्सॉरचे आभार मानावे लागतील. निकोलाय गुमिल्योव्ह या कवीला 1921 साली बोल्शेविकांनी गोळ्या घातल्या. त्याच्या शब्दांवर बेतलेलं 'चायना' नावाचं गाणं याच आल्बममध्ये आहे. त्या गोळ्यांनी कवितेचं भलं केलं असं कोणी म्हणेल का? मी नकळत तेच म्हणत होतो.

मग खरं काय? विट्गेनश्टाइनने सांगून ठेवलंय की शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. वापर एकट्याचा नसतो, तो एका जगण्याच्या रीतीत बसलेला असतो. ग्रेबेन्शिकोव्हचा इंग्रजी शब्द कच्चा नव्हता. त्याने सीमा ओलांडली तेव्हा मागे राहिला तो सेन्सॉर नव्हे, मागे राहिला तो टेप उतरवणारा श्रोता. लेनिनग्राडमध्ये 'वारा' किंवा 'हिवाळा' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात दहा गोष्टी हलत. दुकानातून रेकॉर्ड विकत घेणाऱ्या अमेरिकन माणसाच्या दृष्टीने वारा म्हणजे वाराच. त्यात त्याचा काय दोष? त्याला तर सांगितलं होतं की हा 'रशियाचा बॉब डिलन' आहे. मूळ डिलन त्याच्या घरात होताच की!

म्हणजे माझी व्याख्याच अपुरी होती. स्वातंत्र्य म्हणजे अडथळा नसणं, एवढंच मी शिकवत आलो. बोलायला कोणी अडवत नाही, हे झालं अर्धं. आपलं अर्धं वाक्य पुरं करणारा समोर असणं, हे उरलेलं अर्धं. सेन्सॉर पहिलं हिरावून घेतो. दुसरं मात्र लोकच एकमेकांना देतात, कोणतंही सरकार ते देऊ शकत नाही.

आल्बमचं नाव बघा. 'रेडिओ सायलेन्स' हा युद्धातला शब्द आहे. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून जहाज संदेश पाठवणं थांबवतं. पण जहाज जिवंत असतं, ऐकत असतं.

पुढे तो परतला. 1991 साली आक्वारियमचं ते रूप त्याने मोडलं, नवा संच घेऊन रशियातल्या गावोगावी गेला, आणि 1992 साली जो आल्बम निघाला त्याचं नावच 'रशियन आल्बम'. इंग्रजीतून हात पोळून आला म्हणून रशियन झाला, असं मी म्हणणार नाही. पुन्हा चूक नको. एवढंच म्हणेन की आपला श्रोता कुठे आहे हे त्याला बाहेर जाऊन कळलं.

शेवटी एका ताईंनी विचारलं आहे, "मग परभाषेत लिहूच नये का?" जरूर लिहावं. आपल्या अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' इंग्रजीत लिहिलीच ना? पण ते मराठीतही लिहीत राहिले.

आणि ग्रेबेन्शिकोव्ह? 2022 साली त्याने युक्रेनवरच्या युद्धाचा निषेध केला, 2023 साली रशियन सरकारने त्याला 'परकीय हस्तक' ठरवलं. सत्तरीचा माणूस आज पुन्हा देशाबाहेर आहे. पण या वेळी तो गातो आहे रशियनमध्ये, आणि त्याचे श्रोतेही देशोदेशी पांगलेले आहेत.

ज्या मुलांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं, त्यांच्यापैकी कोणी हे ऐकत असेल तर कृपया खोडून टाका.