वेब भाषांतून डेस्कटॉप सॉफ्टवेअर

संकेतस्थळांसाठी घडलेल्या जावास्क्रिप्ट, पीएचपी यांसारख्या भाषांत संगणकावर स्वतंत्रपणे चालणारे सॉफ्टवेअर तयार करण्याची पद्धती. गावातील एखाद्या दुकानाचे बिलिंग हे तिचे सोपे उदाहरण. इंटरनेट गेले तरी बिल निघावे, हिशेब त्याच संगणकावर राहावा, प्रिंटर आणि वजनकाटा थेट जोडता यावा, या गरजा ब्राउझरमधील पानाला पूर्णपणे भागवता येत नाहीत.

इतिहास : मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर एचटीएमएल अ‍ॅप्लिकेशन आणले. २००१ मध्ये आंद्रेइ झ्मिएव्स्की यांनी पीएचपी-जीटीके तयार केले. त्यात ब्राउझर नव्हताच. पीएचपीतून थेट जीटीके या साधनसंचाची बटणे आणि मेनू उभे राहत. २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमुळे जावास्क्रिप्टचा ब्राउझरबाहेरील वापर वाढला. २०१३ मध्ये गिटहबमध्ये चेंग झाओ यांनी अ‍ॅटम या कोड-संपादकासाठी ‘अ‍ॅटम शेल’ लिहिण्यास सुरुवात केली. २०१५ मध्ये त्याचे नाव ‘इलेक्ट्रॉन’ झाले. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादकही त्यावरच उभा आहे. भारतात जन्मलेले पोस्टमन हे एपीआय तपासण्याचे साधनही आधी क्रोममध्ये चाले, पुढे इलेक्ट्रॉनवर आले.

रचना : इलेक्ट्रॉनमध्ये क्रोमियम हा ब्राउझर आणि नोड.जेएस एकत्र बांधलेले असतात. मुख्य प्रक्रिया विंडो उघडते आणि फाइली हाताळते. पडद्यावरचे पान वेगळ्या प्रक्रियेत चालते. दोघांत निरोपांची देवाणघेवाण होते.

मराठीच्या दृष्टीने महत्त्व : युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावरील मराठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट, मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी अशा खास प्रणालींवर अवलंबून होती, एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात निरर्थक होई. क्रोमियममध्ये अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आहे. त्यामुळे जोडाक्षरे नीट बसतात आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील रफार आणि अर्धा ऱ वेगळे राहतात. पानाची भाषा मराठी नोंदवली, तर फाँटमध्ये सोय असल्यास ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात. मराठी स्थानसंकेत दिल्यास आकडा १२,३४,५६७ असा देवनागरीत, लाखांच्या गटांत छापला जातो. हे सारे प्रत्येक प्रोग्रामरला नव्याने लिहावे लागत नाही, हा छोट्या गावातील सॉफ्टवेअरकारासाठी फार मोठा लाभ आहे.

मर्यादा : प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर पूर्ण ब्राउझर येत असल्याने आकार सहज १०० एमबीपलीकडे जातो आणि जुन्या संगणकाच्या मेमरीवर ताण पडतो. पानाला नोडचे अधिकार असतील, तर त्यात घुसलेला परका कोड फाइलींपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून इलेक्ट्रॉन ५ पासून (२०१९) पानाला नोडचे अधिकार आपोआप मिळत नाहीत. रस्ट भाषेवर आधारलेले टॉरी (पहिली स्थिर आवृत्ती २०२२) संगणकातलेच वेब इंजिन वापरते, त्यामुळे सॉफ्टवेअर काही एमबींत मावते. मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्सवर इंजिने वेगळी असल्याने मराठी मजकूर तिन्हींवर तपासावा लागतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ यासारखा मुक्त परवान्याचा फाँट सोबत दिल्यास निदान फाँटचा प्रश्न सुटतो.