वसुंधरा परिषद आणि अनापूचे अरण्य

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ३ ते १४ जून १९९२ या काळात भरलेली वसुंधरा परिषद ही विसाव्या शतकाच्या अखेरची एक मोठी घटना होय. शंभराहून अधिक राष्ट्रप्रमुख तिला उपस्थित होते. १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने रूढ केलेली ‘शाश्वत विकास’ ही कल्पना येथे जगाच्या व्यासपीठावर आली. आजच्या पिढीने आपली गरज भागवताना उद्याच्या पिढीच्या ताटातला घास हिरावून घेऊ नये, हा तिचा साधा अर्थ.

परिषदेने २७ तत्त्वांचा जाहीरनामा दिला, ४० प्रकरणांचा ‘अजेंडा २१’ हा कृतिकार्यक्रम दिला आणि हवामान व जैवविविधता यांविषयीचे दोन करार सह्यांसाठी खुले केले. जंगलांविषयी मात्र बंधनकारक करार होऊ शकला नाही. आपल्या अरण्यांवर परक्यांची सत्ता येईल, अशी धास्ती मलेशिया, भारत आदी देशांना वाटत होती. शतकानुशतके आपली जंगले तोडून संपन्न झालेल्या राष्ट्रांचा उपदेश त्यांना रुचणे कठीणच होते. अखेर अरण्यांच्या वाट्याला कोणावरही बंधन न घालणारी तत्त्वे तेवढी आली. जे कागदावर बंधनकारक झाले नाही, ते जमिनीवर कोण उतरवणार, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे एक उत्तर त्याच ब्राझीलमध्ये, पारा राज्यातील अनापू या आडगावात, सिस्टर डोरोथी स्टँग शोधत होत्या. अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरी १९३१ साली त्यांचा जन्म झाला. नोत्र दाम द नामूर या संस्थेच्या त्या धर्मभगिनी. १९६६ साली त्या ब्राझीलला आल्या आणि तिथल्याच झाल्या.

अनापूचा इतिहास महामार्गाशी जोडलेला आहे. १९७० साली लष्करी सरकारने अ‍ॅमेझॉनचे अरण्य चिरत जाणारा रस्ता बांधायला घेतला आणि ईशान्येकडील दुष्काळग्रस्त, भूमिहीन कुटुंबांना दुतर्फा जमीन देऊ केली. कुटुंबे आली, पण पाठोपाठ लाकूडवाले, गुरांच्या कुरणांचे मालक आणि जमिनीचे दलालही आले. बनावट दस्तऐवज रातकिड्यांसह पेटीत ठेवून त्यांना जुनेपणा आणला जाई, असे सांगतात. पोर्तुगीज भाषेत या लबाडीला रातकिड्यावरूनच नाव पडले आहे. अशा कागदांच्या आणि बंदुकीच्या बळावर गरिबांची घरे जाळली जात आणि जंगलाचे कुरण होई.

अरण्य आणि माणूस यांपैकी एकालाच वाचवता येते, हे गृहीतक तेथील श्रमिकांनी आधीच खोटे ठरवले होते. आक्रे राज्यातील रबराचा चीक गोळा करणाऱ्यांचे पुढारी शिको मेंडिस यांची १९८८ साली हत्या झाली. परंतु त्यांनी मागितलेली, रहिवाशांनीच राखायची वनक्षेत्रे १९९० पासून अस्तित्वात येऊ लागली. रिओनंतर या विचाराला जगाची भाषा मिळाली. १९९९ साली ब्राझीलच्या भूसुधारणा खात्याने ‘शाश्वत विकास प्रकल्प’ या नावाच्या वसाहतींना मान्यता दिली. थोड्या जमिनीवर शेती करावी आणि उरलेले मोठे वनक्षेत्र सर्वांनी मिळून राखावे, अशी ही योजना.

सिस्टर डोरोथी यांनी ही योजना अनापूत आणण्यासाठी जीव ओतला. ख्रिस्तसभेच्या भूमी-सेवाकार्य आयोगाशी त्यांचा जवळचा संबंध होता. हा आयोग १९७५ साली स्थापन झाला होता. त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले, कोको आणि फळझाडांची लागवड शिकवली आणि सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका प्रकल्पाचे नाव ‘एस्पेरान्सा’, म्हणजे आशा. जमीनदारांच्या धमक्या येत राहिल्या. २००४ साली संसदीय चौकशी समितीपुढे त्यांनी निर्भयपणे साक्ष दिली.

१२ फेब्रुवारी २००५ रोजी सकाळी, एस्पेरान्साच्या चिखलवाटेवर दोन मारेकऱ्यांनी त्यांना अडवले. शस्त्र आहे काय, असे विचारताच त्यांनी बायबल दाखवले आणि डोंगरावरील प्रवचनातील धन्यवचने वाचली, असे न्यायालयातील साक्षींतून समजते. सहा गोळ्या झाडून त्यांना ठार करण्यात आले. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या.

त्यानंतर सरकार खडबडून जागे झाले. सुमारे २००० सैनिक पारा राज्यात पाठवण्यात आले. पाचच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, तेर्रा दो मेयू येथे ३३ लाख हेक्टरांहून मोठे वनक्षेत्र संरक्षित म्हणून जाहीर झाले. हत्येचा कट रचणाऱ्या दोन जमीनदारांना २०१० साली प्रत्येकी ३० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली सिस्टरांना मरणोत्तर मानवी हक्क पुरस्कार दिला.

ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल तुटले होते. २०१२ साली हा आकडा सुमारे ४,६०० वर आला. उपग्रहांची टेहळणी, संरक्षित क्षेत्रे आणि कायद्याचा धाक यांचे हे फळ. पण पहारा ढिला पडताच २०२१ साली तो पुन्हा १३,००० च्या पुढे गेला. शाश्वत विकास ही एकदा जिंकून कोठारात ठेवण्याची वस्तू नाही, हेच हे आकडे सांगतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात रिओ परिषदेच्या दूरदृष्टीचा गौरव केला आणि तिच्या अंमलबजावणीतील उणिवेवरही बोट ठेवले. देखरेख, वेळोवेळी आढावा आणि नियमभंगाला शिक्षा, या तिन्हींची वानवा होती. ती वानवा अनापूत एका वृद्ध धर्मभगिनीने आपल्या पायपिटीने भरून काढली आणि तिची किंमत प्राणांनी मोजली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक हवामान परिषद बेलेम येथे भरली. बेलेम ही त्याच पारा राज्याची राजधानी. रिओला तेव्हा ३३ वर्षे उलटली होती. परिषदा भरतील, ठराव होतील आणि ते व्हायलाही हवेत, कारण त्या ठरावांच्या आधारेच अनापूच्या शेतकऱ्याला कचेरीत आपला हक्क मागता आला. तो मागणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे, हे ख्रिस्तसभेचे काम आहे. सिस्टर डोरोथी यांची कबर अनापूत, त्यांनी राखलेल्या झाडांच्या सोबतीला आहे. त्या तेथे पुरल्या गेल्या नाहीत, पेरल्या गेल्या, अशी तेथील गरीब शेतकऱ्यांची श्रद्धा आहे.